बादलीतला नंदादीप

माणसानं सासरी जावं, पोटभर जेवावं, लोडाला टेकून ढेकर द्यावा आणि तोंड मिटून परत यावं. जेवताना तोंड उघडावं लागतं, तेवढी सूट. त्यापुढं जाऊन सल्ला देण्याच्या भानगडीत पडू नये. मी पडलो. म्हणूनच लातूरच्या भर रस्त्यावर एक स्टीलची बादली पुढ्यात घेऊन बसायची पाळी माझ्यावर आली, आणि येणारे-जाणारे लोक त्या बादलीच्या पाया पडू लागले. (माझ्या कुणी पडलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, उगीच आशा नको.)

मी मल्लिनाथ. अहमदपूरला एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे. पोरांच्या बोनाफाईडवर शिक्का मारतो. शिक्का सरळ उमटावा एवढीच माझी आयुष्याकडून अपेक्षा, आणि तीही रोज पुरी होत नाही. माझी बायको उज्वला. तिचं माहेर लोह्याजवळच्या एका खेड्यात. तिथं आता तिची आई, म्हणजे माझ्या सासूबाई साखराबाई, एकट्याच राहतात. मी त्यांना मामी म्हणतो. त्या मला जावईबापू म्हणतात, आणि असं म्हणतात की क्षणभर मला स्वतःबद्दल गैरसमज होतो.

तर धोंड्याचा महिना होता. तुम्हाला माहीतच आहे, अधिक महिना आला की जावयाचं नशीब उघडतं. बाकीची वर्षं ज्याला कुणी पाणी विचारत नाही, त्याला अचानक विष्णूचा दर्जा मिळतो. पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार, आणि ताटाशेजारी दान म्हणून एक पेटवलेला दिवा. मामींचा या दीपदानावर फार जीव. त्या म्हणतात, "बाकीचं दिलेलं खाऊन संपतं, बापू. दिवा दिला की देणाऱ्याच्या घरात बी उजेड राहतो, घेणाऱ्याच्या बी." दरवेळी मला पटतं आणि दरवेळी तो दिवा घरी नेऊन उज्वला माळ्यावर ठेवते.

त्याशिवाय अधिक महिन्यात मामींच्या देवघरात नंदादीप असतो. महिनाभर अखंड. बसका पितळी दिवा, त्यात करडीचं तेल आणि करंगळीएवढी जाड वात. तो एकदा लावला की महिना संपेपर्यंत मामी घराबाहेर पडत नाहीत. लग्न नाही, बाजार नाही, शेजारी गेल्या तरी पाय तिकडं आणि मान इकडं.

अडचण अशी, की मामींचा एक डोळा पूर्वीच गेलेला. उरलेल्यात मोतीबिंदू इतका पिकला होता की त्या माणसं आवाजावरून आणि भाजी वासावरून ओळखायच्या. ऑपरेशनला त्यांना आधी दोनदा लातूरला नेलं होतं. दोन्ही वेळा दवाखान्याची पायरी चढली की बीपी असं चढायचं, की डॉक्टरांनी हात जोडून परत पाठवलं. या खेपेला त्यांनी निरोप धाडला होता, की आता उशीर केला तर मोतीबिंदू आत फुटेल आणि होता तोही डोळा जाईल. तारीख दिली. ती नेमकी धोंड्याच्या महिन्यात आली.

"म्या न्हाई येत," मामी म्हणाल्या. मी जेवत होतो. उज्वला वाढत होती.

"आई, डोळा जाईल!"

"जाऊ दे. दिवा एकटा सोडत न्हाईत."

"शेजारच्या काकूंना सांगू ना."

"तिला सोताच्या चुलीवरचं दूध बघनं होईना. माझा दिवा बघती व्हय!"

उज्वलाच्या हातातली तुपाची वाटी थरथरायला लागली. ती रडायच्या बेतात आली की आधी हातातली वस्तू थरथरते, हे मला अनुभवानं ठाऊक आहे. (एकदा इस्त्री होती.) मला काहीतरी बोलून वातावरण हलकं करावंसं वाटलं. तोंडात धोंडा होता, तो गालात सरकवून मी म्हणालो, "मग दिवा बी घेऊन चला की."

मला वाटलं, हसतील. कुणीच हसलं नाही. मामींनी न दिसणारा डोळा माझ्यावर रोखला.

"चालतंय तसं?"

"तसं म्हणजे... न चालायला काय..."

"जावईबापूनी सांगितलं म्हंजे जिम्मा त्यांचा," मामी उठल्याच. "उज्वला, माझं लुगडं काढ गं."

उज्वलानं माझ्याकडं पाहिलं. लग्नानंतर इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडं एवढ्या आदरानं कधी पाहिलं नव्हतं. आता माघार घेणं शक्यच नव्हतं.

दिवा न्यायचा कसा, यावर सगळ्या गल्लीनं डोकं चालवलं. शेवटी एक मोठी स्टीलची बादली आली. तिच्यात निम्म्यापर्यंत ज्वारी भरली, ज्वारीत दिवा घट्ट बसवला, आणि वर वारा लागू नये पण जीव गुदमरू नये म्हणून पुरण गाळायची चाळण झाकली. चाळणीच्या भोकांतून उजेडाचे बारीक ठिपके वर यायला लागले. दिसायला ते खरोखर सुंदर होतं. मामींनी बादलीवर हात धरून ऊब पाहिली आणि मान हलवली. देवापुढं त्यांनी शेजारणीकडून त्याच ज्योतीवर एक पणती लावून घेतली, "मालक बाहेर गेलाय, येतोय" असं देवाला सांगितलं, आणि आम्ही निघालो.

गाडी अमरनाथची. अमरनाथ उज्वलाचा मामेभाऊ. त्याच्या गाडीत सगळं आहे, फक्त मागची एक काच वर जात नाही, आणि नेमक्या त्याच काचेपाशी मी बसलो होतो. बाहेर रिमझिम आणि वारा. म्हणून मी गाडीत छत्री उघडली. एका हातात छत्री, दोन्ही पायांत बादली. पलीकडं मामी, आणि पुढं उज्वला, जी दर मिनिटाला वळून विचारायची, "हाय का?"

"हाय."

"हाय का?"

"हाय गं!"

माळाकोळी मागं पडली तेव्हा अमरनाथनं नाक वर केलं. "दाजी, लाह्यांचा वास येऊन राहिला."

मी चाळण उचलून पाहिली. दिव्याच्या बुडाशी ज्वारी तापून दोनचार दाणे खरंच फुटले होते.

"शुभ हाय," मामी म्हणाल्या. "नागपंचमीसारखं."

"चालती गाडी हाय आत्या, शुभ बी जरा हळूच होऊ द्या," अमरनाथ म्हणाला.

चाकूरच्या अलीकडं एका पोलिसानं गाडी अडवली. बहुधा उघडलेली छत्री बघून त्याला शंका आली असावी. त्यानं आत वाकून पाहिलं. "बादलीत काय?"

"दिवा," मी म्हणालो.

"पेटलेला?"

"हाव."

"गाडीत आग विझवायचं काय हाय का?"

अमरनाथनं पाण्याची बाटली दाखवली. तशा मामी आतून ओरडल्या, "पानी घालशील तर बघ मेल्या!" पोलिसाला वाटलं, आपल्यालाच. तो एक पाऊल मागं सरला. मग उज्वलानं त्याला सगळं सांगितलं. डोळा, महिना, नंदादीप. त्यानं चाळणीच्या भोकातून आत पाहिलं, टोपी काढून काखेत धरली, हात जोडले आणि म्हणाला, "जावा. पण हळू जावा." आणि मग मला खास बाजूला घेऊन, "तुम्ही जावई ना? सासूसाठी एवढं? आमच्या मंडळीला हे कळू देऊ नका."

लातूरला दवाखान्यात पोचलो आणि दारातच सिस्टर उभ्या. लुंबिनी त्यांचं नाव, छातीवरच्या पट्टीवर लिहिलेलं होतं. ठेंगण्या, शांत, आणि असा आवाज की पेशंटच काय, पंखासुद्धा सांगितल्यावर बंद होईल.

"बादली बाहेर."

"सिस्टर, यात..."

"मला दिसतंय यात काय आहे. आत ऑक्सिजनच्या नळ्या आहेत. दिवा आत येणार नाही, काका."

मामींनी ते ऐकलं मात्र, खुर्चीवर बसकण मारली. सिस्टरनी दंडाला पट्टा बांधून बीपी घेतलं. मशीनकडं पाहिलं. पुन्हा घेतलं. मग मला खुणेनं बाजूला बोलावलं.

"हे बघा. एवढ्या बीपीवर डॉक्टर हात लावणार नाहीत. आणि आजींचा डोळा थांबणारा नाही. कशानं खाली येतं यांचं बीपी?"

"दिव्यानं," मी म्हणालो.

त्यांनी थोडा विचार केला. "माझा विश्वास दिव्यावर नाही, बीपीच्या मशीनवर आहे. पण मशीन जर दिव्याचं ऐकत असेल तर माझी हरकत नाही. गेटाबाहेर बसा. तिथं चहाची गाडी आहे, वर पत्रा आहे. आजींनी दिव्याचं विचारलं की मी व्हिडिओ कॉल लावीन. तुम्ही दिवा दाखवायचा. जमेल?"

"म्हणजे काय!" मी म्हणालो. (माझ्या आयुष्यातले सगळे घोटाळे या दोन शब्दांनंतर सुरू झालेले आहेत.)

आत जाताना मामींनी माझा हात धरला. हात गार होता. "बापू, संभाळा."

"मामी, बिलकूल फिकीर करू नका. मी हाय."

चहाची गाडी धुरपताबाईंची. साठीच्या, डोक्यावर पदर, हातात अखंड गाळणी. त्यांच्या गाडीवर एका कोपऱ्यात देवाची तसबीर आणि पुढं एक चिमुकली पणती होती. पावसानं काडेपेटी सर्दावली होती, गॅसचा लायटर नुसताच टकटक करत होता, आणि दवाखान्यातले सगळे नातेवाईक बिनचहाचे ताटकळत होते. धुरपताबाईंनी माझ्या बादलीत डोकावून पाहिलं.

"घेऊ का हो दादा, तुमच्यावरनं?"

"घ्या की मावशी."

त्यांनी पणती पेटवली, तसबिरीला हात जोडले, मग एक कागदाची सुरळी पणतीवर धरून गॅस पेटवला. निळी ज्योत भस्सकन वर आली. पहिला चहा त्यांनी मला दिला आणि माझ्याकडून काही घेतलं नाही.

मग गंमत सुरू झाली. तो सगळा भाग क्लासचा. डॉक्टर व्हायला आलेली पोरं पाठीवर दप्तरं घेऊन तिथून लोंढ्यानं जातात. बादली, तिच्यावर चाळण, आतून उजेड आणि शेजारी गंभीर चेहऱ्याचा माणूस, हे पाहून दोघी मुली थांबल्या.

"काका, हे कशासाठी असतं?"

"डोळ्यांसाठी," मी म्हणालो. मला ऑपरेशन म्हणायचं होतं.

"नीटच्या परीक्षेला चालतं का?"

मी उत्तर द्यायच्या आत त्यांनी नमस्कार केला. त्यांचं बघून मागच्यांनी केला. दवाखान्यातल्या पेशंटांचे नातेवाईक आले. कुणी विचारलं, "कुठली देवी?" कुणीतरी परस्पर सांगितलं, "लोह्याची." एका माणसानं समोरच्या दुकानातून तेलाची पिशवी आणून दिली, "माझ्या आईच्या बी डोळ्याचं हाय, थोडं घाला." मग दुसऱ्यानं आणली. करडीचं, सोयाबीनचं, शेंगदाण्याचं. मी 'नको नको' म्हणत होतो, पण खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. आमच्या ऑफिसात माझ्या टेबलापुढं रांग लागते तेव्हा लोकांच्या चेहऱ्यावर असे भाव नसतात.

आणि त्या बरं वाटण्यातच घात झाला. एका म्हातारबाबांनी फार कळकळीनं तेल पुढं केलं. नाही कसं म्हणायचं? मी चाळण काढली आणि तेल ओतलं. मामी चमच्यानं तेल घालतात. मी पिशवीनं घातलं. वात एकदा वर आली, तडतडली, माझ्याकडं पाहिल्यासारखं केलं आणि तेलात बुडाली. धुराची एक बारीक रेघ वर गेली.

मी तिच्याकडं बघत बसलो. धुराकडं बघून ती परत खाली यावी असं मला मनापासून वाटत होतं.

मामींचा गार हात आठवला. मी उज्वलाला फोन लावला. ती आत मामींजवळ बसली होती. आता, दिवा 'विझला' म्हणायचं नसतं. तसं बोलणं अशुभ. एवढ्या घाबऱ्या अवस्थेतही माझे संस्कार जागे होते. मी दबक्या आवाजात म्हणालो,

"उज्वला... शांत झाला गं."

"कोण?"

"आपला."

"आपला कोण? अहो, नीट सांगा!"

"आत्ताच. माझ्या डोळ्यादेखत. मीच केलं गं, मीच जास्त पाजलं त्याला."

पलीकडून, "अमरनाथ?! अहो, गाडी चालवायची होती त्याला, काय पाजलं तुम्ही?"

"अगं अमरनाथ न्हाई..."

पण ती फोन टाकून धावत सुटली होती. अमरनाथ गाडीत सीट मागं टाकून, तोंड उघडं ठेवून, दोन्ही हात छातीवर घेऊन झोपला होता. तो नेहमीच तसा झोपतो. उज्वलानं दार उघडून त्याला गदागदा हलवलं आणि आग विझवायची म्हणून ठेवलेली ती बाटली त्याच्या तोंडावर रिकामी केली. तो "आत्या, दिवा!" असं ओरडत उठला. मग दोघं पळत माझ्याकडं आले. त्यांच्या मागं लुंबिनी सिस्टर.

तिघांनी बादलीत पाहिलं.

उज्वला कठड्यावर बसली. तिच्या हातात त्या वेळी काहीच नव्हतं, म्हणून ती स्वतःच थरथरायला लागली. मला तिथं, त्या ओल्या रस्त्यात, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

"आजींचं बीपी आत्ताच खाली आलंय," सिस्टर म्हणाल्या. "नुकतंच. डॉक्टर तयार आहेत. आजींनी दिवा दाखवायला सांगितलाय, मग त्या टेबलावर जाणार आहेत. काका, काडी ओढा आणि लावा ना."

"खोटा लावू?" मी म्हणालो. "सिस्टर, त्यांना दिसत न्हाई म्हणून? मी... मला न्हाई जमायचं ते. तुम्ही मशीनवरचा आकडा बदलाल का?"

त्यांनी घड्याळाकडं पाहिलं.

"आपल्या मावशीकडं हाय की पणती!" अमरनाथ म्हणाला. त्याच्या केसांतून पाणी निथळत होतं. पण धुरपताबाईंची पणती चिमुकली. तिच्यातलं तेल केव्हाच संपलं होतं. आम्ही सगळे त्या काळ्या वातीकडं बघत राहिलो.

धुरपताबाई चहा गाळता गाळता म्हणाल्या, "अशी तोंडं करून काय उभं राहिलात? गॅस पेटलेला हाय की."

"गॅस?"

"पणतीवरनंच पेटवला न्हाई का सकाळी? तुमच्यापुढंच की हो दादा. त्याच्यामागं बंद केलाय कुठं? इथं एवढी गिऱ्हाईकं. एक भांडं उतरलं की दुसरं चढून राहिलंय." त्यांनी पातेलं उचलून बाजूला ठेवलं. खाली निळी ज्योत गोल फेर धरून जळत होती. "ह्यो तुमचाच दिवा हाय. जरा कामाला लागला होता, एवढंच."

तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला. आतून कुणीतरी व्हिडिओ कॉल लावला होता. पडद्यावर हिरवी टोपी घातलेल्या मामी. मला काय करावं सुचेना. मी फोन घेऊन सरळ गॅससमोर धरला.

"मामी, हा बघा."

"कुठं हाय? हां... हां, दिसला. आगं बाई, लई मोठा झाला की!"

"लोकांनी तेल घातलं मामी."

"आन् निळा काहून दिसून राहिला?"

मी सिस्टरकडं पाहिलं. सिस्टर दुसरीकडं बघू लागल्या. "मामी," मी म्हणालो, "लातूरला तसाच दिसतो."

मामींनी फोनला नमस्कार केला. "बरं बापू. जाते मंग मी आत." आणि डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावर लहान पोरीसारखा भाव होता. फोन बंद झाल्यावर आम्ही कुणीच कुणाकडं पाहिलं नाही. मग धुरपताबाईंनी कागदाची सुरळी केली, गॅसवर धरली, मी बादलीतलं जास्तीचं तेल वाटीनं काढलं, आणि उज्वलानं नवी वात लावली. यावेळी मी हात मागं बांधून उभा होतो. लुंबिनी सिस्टरनी वाऱ्याच्या बाजूला आपली फाईल आडवी धरली होती. वात पेटल्यावर त्या लगबगीनं आत गेल्या.

ऑपरेशन छान झालं. दुपारी मामी डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून बाहेरच्या बाकावर येऊन बसल्या. दोन्ही डोळ्यांनी काही दिसत नाही अशी ती वेळ. त्यांनी हात पुढं केला, मी बादली हाताखाली सरकवली. ऊब लागली तशा हसल्या. मला ते हसू सोसवलं नाही.

"मामी, एक सांगायचंय." आणि मी सगळं सांगून टाकलं. तेल, धूर, अमरनाथ, गॅस. निळा का दिसला तेही. उज्वला मला खुणा करत होती, पण एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येत नाही.

मामी ऐकत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. डोळ्याचे टाके! मी सिस्टरला हाक मारायला उठलो, तर मामी खळखळून हसत होत्या.

"चहाच्या गॅसवरनं? आगं बाई बाई!"

"मामी, अखंड दिवा मोडला माझ्यामुळं."

"कुठं मोडला? आवो, घरी बी इझतो की. मांजर येतं, वारं येतं, मला बी डोळा लागतो. इझला की शेजारणीकडनं आनायचा. तिनं माझ्यावरनंच लावलेला असतो ना. तिचा इझला तर ती माझ्याकडं येती. अखंड म्हंजे एकाच घरात, एकाच वातीवर जळून राहायचं, असं कुठं हाय? कुनाकडं तरी जळत असला म्हंजे झालं."

मी बसलो. माझ्या डोळ्यांपुढून छत्री, ज्वारीच्या लाह्या, पोलीस, सगळं सरकून गेलं. "मग मामी," मी हळूच म्हणालो, "शेजारणीकडं ठेवून यायचा होता की."

मामी बादलीच्या काठावरून बोट फिरवत होत्या.

"ह्येंना असंच लातूरला आनलं होतं," त्या म्हणाल्या. ह्ये म्हणजे माझे सासरे, शेषेराव. "छातीत दुखतं म्हनून. सोता चालत आत गेले. मी बाहेर बाकावर बसले, आन् आत ते एकटेच होते. परत आले न्हाईत. तवापासनं दवाखान्याची पायरी बघितली की माझ्या जिवाचं पानी होतं. कुनाला सांगू? म्हातारीनं भ्यावं, हे बरं दिसतं का? घरात दिवा असला की कुनीतरी जागं हाय, वाट बघून राहिलंय असं वाटतं. म्हनलं, त्यो संगं आला तर जाईन."

उज्वलानं आईच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. आम्ही दोनदा या बाईला परत नेलं होतं, डॉक्टरवर चिडलो होतो, बीपीच्या गोळ्या बदलल्या होत्या. भीती वाटते का, हे कुणी विचारलंच नव्हतं.

"आता टेबलावर झोपले तवा भ्या न्हाई वाटलं," मामी म्हणाल्या. "म्हनलं, जावई बसलाय भाईर. एवढा मोठा निळा दिवा करून."

त्या रात्री आम्ही लातूरलाच राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी लुंबिनी सिस्टरनी पट्टी काढली. डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि समाधानानं मान हलवली. खोली छोटी, खिडकीतून उन्हाची तिरीप. मामींनी डोळा दोनचारदा मिटला, उघडला.

पहिल्यांदा त्यांनी सिस्टरना पाहिलं. "तू व्हय लुंबिनी? आवाजावरनं मला वाटलं चांगली धिप्पाड असशील. केवढीशी हायेस गं." सिस्टर हसल्या. पहिल्यांदाच.

मग त्यांनी उज्वलाकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवून, दिसतंय ते आणि हाताला लागतंय ते एकच आहे याची खात्री केली. "वाळलीस," एवढंच म्हणाल्या आणि त्यांचं नाक लाल झालं.

"रडायचं नाही आजी," सिस्टर म्हणाल्या.

मग अमरनाथ. "ह्यो तसाच हाय. झोपलेला."

आणि मग माझी पाळी आली. मी पुढं झालो. काल झालेलं सगळं माझ्या मनात होतंच, त्यामुळं चेहऱ्यावर आपोआप एक नम्र, समाधानी भाव आला असावा. वाटलं, आता काहीतरी बोलतील. आशीर्वाद देतील. घशाशी आवंढा तयार ठेवला होता.

मामी माझ्याकडं पाहत राहिल्या. नजर चेहऱ्यावरून वर गेली, आणि कपाळ जिथं संपायला हवं होतं तिथं न संपता तशीच वर वर जात राहिली. मग त्यांनी उज्वलाला जवळ ओढलं. कुजबुजल्या, पण मोठ्यानं.

"आगं, जावईबापूचे केस कुठं गेले?"

मी डोक्यावरून हात फिरवला.

"लग्नात तर मुंडासं बसत नव्हतं डोक्यावर, एवढे झुपके हुते! आन् मी दर वर्षी माका-जास्वंदीचं तेल कढवून पाठवून राहिले, खास बापूच्या केसासाठी. बाटलीच्या बाटली! ते तेल गेलं कुठं?"

मी उज्वलाकडं पाहिलं. उज्वलानं खिडकीबाहेर पाहिलं, आणि कमरेच्याही खाली लोंबणारी आपली जाडजूड, काळीभोर वेणी हळूच पदराखाली घेतली.